रोजमेळ कोणाच्या हाती?

२०२४ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरच्या दिवशी देशातील सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक आपल्याच पैशाला पारखे झाले. त्यांच्या बँका बुडाल्या नव्हत्या, तिजोऱ्या फुटल्या नव्हत्या, शाखांचे दरवाजेही नित्याप्रमाणे उघडे होते. परंतु या बँकांची संगणकव्यवस्था चालविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोरांनी रॅन्समवेअरचा हल्ला केला होता, आणि हा संसर्ग इतरत्र पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने त्या कंपनीला देशाच्या देयकव्यवस्थेपासून तात्पुरते अलग केले. १ ऑगस्ट रोजी संबंध पुन्हा जोडला गेला आणि ओरड थांबली. देशात रोज होणाऱ्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असल्याने मुंबई-दिल्लीच्या दृष्टीने ही घटना किरकोळ ठरली. आमच्या दृष्टीने ती किरकोळ नाही. कारण त्या बँका मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. म्हणजेच विदर्भातील सामान्य माणसाचा पैसा ज्या प्रकारच्या बँकांत असतो, नेमक्या त्याच जातीच्या होत्या.

भंडारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. सात तालुक्यांचा हा जिल्हा धानावर जगतो. शेतकऱ्याने आधारभूत खरेदी केंद्रावर धान मोजून दिले, की त्याची किंमत आज त्याच्या हातावर पडत नाही. ती खात्यात जमा होते. पीककर्ज खात्यातून मिळते, निराधारांचे अनुदान खात्यात येते, आणि तुमसरच्या बाजारातील लहान दुकानदारही फलकावर चौकोनी ठशांचे चित्र टांगून मोबाइलवर पैसे घेतो. शहरातील शिक्षित वाचकांपैकी अनेकांची बचतही नागरी सहकारी बँकांत आणि कर्मचाऱ्यांच्या पगारदार बँकांत आहे. रोख पैसा घरात ठेवण्याची सवय मोडा, बँकेवर विश्वास टाका, असे गेली कित्येक वर्षे आपण सर्वांनी मिळून या जनतेला सांगितले. तिने ते ऐकले. आता ज्या यंत्रणेवर तिला विसंबावयास लावले, ती नेमकी कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारण्याचा अधिकार तिला आहे, आणि उत्तर देण्याचे कर्तव्य बँकांचे आहे.

हे उत्तर वाटते तितके सोपे नाही. साकोलीचा एखादा ग्राहक दुकानात यूपीआयने दोनशे रुपये देतो, तेव्हा त्याची आज्ञा प्रथम एका खासगी कंपनीच्या ॲपवर उमटते. तेथून ती त्या ॲपशी करार केलेल्या एखाद्या मोठ्या बँकेमार्फत पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे जाते. कॉर्पोरेशन ती ग्राहकाच्या बँकेकडे पाठविते. परंतु लहान बँकेच्या बाबतीत ‘बँकेकडे’ याचा अर्थ बहुधा तिच्या मुख्य कार्यालयाकडे असा नसतो. व्यवहारांची दिशा ठरविणारा ‘स्विच’ एका कंपनीकडे, खात्यांची मूळ नोंद ठेवणारी कोअर बँकिंग प्रणाली त्याच किंवा दुसऱ्या कंपनीच्या दूरच्या शहरातील संगणकगृहात, आणि एटीएममध्ये रोकड भरण्याचे काम तिसऱ्याच संस्थेकडे, अशी ही वाटणी असते. इतक्या हातांतून गेलेली आज्ञा काही क्षणांत पूर्ण होते, ही निःसंशय कौतुकाची गोष्ट आहे. मात्र मध्येच एखादा दुवा निखळला, पैसे कापले गेले आणि पलीकडे पोचलेच नाहीत, म्हणजे ग्राहकाची जी टोलवाटोलवी सुरू होते तिचे मूळही याच वाटणीत आहे. ॲप बँकेकडे बोट दाखविते, शाखाधिकारी मुख्य कार्यालयाकडे, आणि मुख्य कार्यालय कंपनीकडे.

म्हणून बँकांनी ही कामे बाहेर देऊच नयेत, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याच्याशी आम्ही सहमत नाही. चोवीस तास जागता संगणकविभाग, एक संगणकगृह बंद पडल्यास चालू होणारे दुसरे, रोज नवे रूप घेणाऱ्या चोरांशी झुंजणारे तज्ज्ञ, हे सर्व स्वतःच्या बळावर उभे करणे पन्नास-साठ शाखांच्या जिल्हा बँकेला परवडणारे नाही. नाबार्डने गेल्या दशकाच्या आरंभी जिल्हा मध्यवर्ती बँकांना कोअर बँकिंगकडे नेले, तेही मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या सामाईक यंत्रणेच्या आधारानेच. ते झाले नसते, तर या बँकांच्या खातेदारांना आजही दुसऱ्या गावी पैसे पाठविण्यासाठी धनाकर्ष काढून टपालाची वाट पाहावी लागली असती. बाहेरची मदत घेणे हा कमीपणा नव्हे. जुन्या सावकारी पेढ्याही आपली हुंडी परगावच्या आडत्यामार्फतच वटवीत.

शिवाय जे घरचे ते सुरक्षित आणि जे बाहेरचे ते असुरक्षित, हा समजही अनुभवाला उतरत नाही. २०१६ साली हिताची पेमेंट सर्व्हिसेस या सेवादार कंपनीच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरली आणि देशभरातील सुमारे बत्तीस लाख डेबिट कार्डे धोक्यात आली. तेव्हा बाहेरच्या हातांना दोष देण्यात आला. दोनच वर्षांनी, ११ ऑगस्ट २०१८ रोजी, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर जो दरोडा पडला तो तिच्या स्वतःच्या एटीएम स्विचच्या मार्गाने. चोरांनी खऱ्या स्विचच्या आड एक खोटा स्विच उभा केला. खात्यात पैसे आहेत काय, ही पृच्छा बँकेच्या मूळ खतावणीपर्यंत पोचलीच नाही. खोटा स्विचच परस्पर ‘पैसे द्यावेत’ असे उत्तर देत राहिला. दोन-सव्वादोन तासांत अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून सुमारे अठ्ठ्याहत्तर कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून आणखी सुमारे चौदा कोटी हाँगकाँगच्या एका खात्याकडे रवाना झाले. पुढे, डिसेंबर २०२० मध्ये, देशातील सर्वांत मोठ्या खासगी बँकेला, एचडीएफसी बँकेला, वारंवार खंडित होणाऱ्या सेवेपायी नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे थांबविण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला. त्याला निमित्त होते तिच्या मुख्य संगणकगृहातील वीज जाण्याचे. मोठेपणानेही संरक्षण मिळत नाही, हाच याचा अर्थ.

या तीनही प्रकरणांतून आम्हांला एकच निष्कर्ष दिसतो. काम घरी केले की बाहेर दिले, हा दुय्यम प्रश्न आहे. त्या कामावर बँकेची स्वतःची, स्वतंत्र आणि रोजची नजर आहे किंवा नाही, हा मुख्य प्रश्न आहे. कॉसमॉसच्या स्विचने जितके पैसे द्यावयास सांगितले आणि खतावणीतून जितके वजा झाले, या दोन आकड्यांचा मेळ घालणारी तिसरी, निराळी व्यवस्था क्षणोक्षणी जागी असती, तर दरोडा कदाचित टळला नसता. पण तो इतका वेळ निर्वेध चालला नसता. पेढीवरचा मुनीम हुंडी वटविण्याचे काम दुसऱ्यावर सोपवी. दिवेलागणीला रोजमेळ मात्र तो स्वतः घाली, आणि पै-पैचा हिशेब जुळल्यावाचून पेढीचे दार लावीत नसे. आजच्या बँकांनी हुंडीबरोबर रोजमेळही दुसऱ्याच्या हाती दिला, तर आपला हिशेब चुकला आहे हे त्यांना सांगणार कोण? ज्याच्याकडून चूक झाली, त्याच्याच सांगण्यावर विसंबून राहण्याची ही पाळी आहे.

तपासणीवाचून विश्वास टाकण्याची किंमत विदर्भाने यापूर्वी मोजलेली आहे, आणि त्या वेळी संगणकाचा काही संबंध नव्हता. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेने सरकारी रोखे खरेदी करण्याचे काम खासगी दलालांवर सोपविले. पैसे गेले, रोखे मात्र बँकेच्या हाती आले नाहीत. २००२ साली हा प्रकार उघडकीस आला, तेव्हा सुमारे दीडशे कोटी रुपयांचा प्रश्न उभा राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, नागपूरच्या न्यायालयाने तत्कालीन अध्यक्षांसह काही जणांना दोषी ठरविले. त्या एकवीस वर्षांत शेतकरी ठेवीदारांनी काय सोसले, हे निराळे सांगण्याची गरज नाही. रोखे कोठे आहेत हे स्वतः न पाहता दलालाच्या कागदावर भरवसा ठेवणे, आणि व्यवहारांचा मेळ स्वतः न घालता सेवादाराच्या अहवालावर सही करणे, या दोहोंत तत्त्वतः फारसे अंतर नाही.

भंडाऱ्याच्या मातीतच याहून जुना दाखला आहे. या जिल्ह्यातील मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या कसबाने शतकांपूर्वी बांधले गेले, आणि त्यांचे पाणी असंख्य बांध्यांत खेळत असे. पाणी शेतोशेती नेण्याचे काम अनेकांचे असे. परंतु तुडुंब भरलेल्या तलावाचे दार केव्हा उघडावे, कोणाला किती पाणी द्यावे आणि पाळ कोठे खचली आहे, हे पाहणारा पाणकर गावाचा असे व गावाला जबाबदार असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. ती संपणे न्याय्यच होते. पण तलाव सरकारकडे गेले, आणि त्यांची रोजची काळजी वाहणारा मात्र कोणीच उरला नाही. कित्येक तलाव गाळाने भरले. मालकी आणि काम यांचे हस्तांतर झाले, देखरेखीचे झाले नाही, त्याचा हा परिणाम. बँकांच्या यंत्रणेचे आज असेच हस्तांतर चालू आहे.

रिझर्व्ह बँकेला याची जाणीव नाही असे नाही. काम बाहेर दिले म्हणून बँकेची जबाबदारी कमी होत नाही, हे तत्त्व तिने वारंवार सांगितले आहे. सहकारी बँकांसाठी २०२१ च्या जूनमध्ये तिने वित्तीय सेवा बाहेरून घेण्याबाबत स्वतंत्र मार्गदर्शन केले. एटीएमचे स्विच चालविणाऱ्या त्रयस्थ कंपन्यांवर कोणती सुरक्षाबंधने घालावीत, हे तिने कॉसमॉस प्रकरणानंतर, ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांना कळविले होते. एप्रिल २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सेवा बाहेरून घेण्याविषयी तिने विस्तृत निर्देश काढले. सेवादाराच्या दप्तराची तपासणी, त्याने नेमलेल्या उपकंत्राटदारांवर नजर, करार संपल्यास बाहेर पडण्याची योजना, या सर्वांचा त्यांत विचार होता. मात्र नागरी सहकारी बँकांतील पहिल्या दोन श्रेणी, म्हणजे हजार कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका, त्यांतून वगळण्यात आल्या. लहान बँकांवर नियमांचे ओझे नको, हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु सेवादारावर सर्वाधिक विसंबून असतात त्या याच बँका! ज्याला पोहता येत नाही त्यालाच दोर न देण्यासारखे हे झाले. उपकंत्राटाचा मुद्दाही पुस्तकी नाही. २०२४ च्या त्या हल्ल्यात चोरांचा शिरकाव मुख्य कंपनीच्या दाराने नव्हे, तर तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्याच एका कंपनीच्या यंत्रातून झाला, असे सुरक्षातज्ज्ञांना आढळले. आपल्या सेवादाराचा सेवादार कोण, हे किती बँकांच्या संचालकांना ठाऊक असेल?

तेव्हा मिश्र व्यवस्था अटळ आहे हे मान्य करून, कोणते काम द्यावे आणि कोणते देऊ नये याची रेघ स्पष्ट आखली पाहिजे. संगणकगृह चालविणे, स्विचची देखभाल, कार्डे छापणे, संदेश पाठविणे, रोकड भरणे, ही वाहतुकीची कामे खुशाल बाहेर द्यावीत. परंतु दिवसाच्या सर्व व्यवहारांचा स्विच, खतावणी आणि पेमेंट्स कॉर्पोरेशन या तीन ठिकाणच्या नोंदींशी मेळ बँकेच्या स्वतःच्या माणसांनी घातला पाहिजे. कोणत्या खात्यातून एका दिवसात किती रक्कम जाऊ द्यावी आणि संशय येताच व्यवहार कोणी थांबवावा, याचा अधिकार बँकेच्या हाती राहिला पाहिजे, आणि रविवारच्या रात्रीही तो बजावता आला पाहिजे. खातेदारांच्या नोंदींची अद्ययावत व वाचता येईल अशी प्रत बँकेजवळ असली पाहिजे. नाही तर करार मोडण्याची वेळ आली असता बँकच ओलीस राहील. आणि ग्राहकाची तक्रार ऐकणारा माणूस बँकेचा पाहिजे, त्याला तिचा उलगडा करण्याचे ज्ञान आणि अधिकार दोन्ही पाहिजेत.

यावर संचालक मंडळांचे उत्तर आम्हांला ठाऊक आहे: एवढी माणसे आणावयाची कोठून? या अडचणीत तथ्य आहे. पण तिचा उपायही सहकारातच आहे. एका जिल्हा बँकेला जे झेपत नाही, ते विदर्भातील चार-सहा बँकांनी मिळून करता येईल. मेळ घालणारा आणि सेवादारांची तपासणी करणारा एक सामाईक कक्ष, सेवादारापासून पूर्णपणे स्वतंत्र, त्यांनी नागपुरास उभारण्यास कायद्याची आडकाठी असण्याचे कारण नाही. नागरी सहकारी बँकांसाठी २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय पातळीवर शिखर संस्था सुरू झाली असून तंत्रज्ञानाची सामाईक सेवा देणे हा तिचा एक उद्देश आहे. त्याचे स्वागत करतानाच एक इशारा देणे प्राप्त आहे. तीनशे बँकांनी एकाच छपराखाली यावयाचे, तर ते छप्पर कोसळल्यास तीनशेही उघड्यावर पडतात, हे २०२४ च्या जुलैने दाखविले आहे. सेवा सामाईक असावी. देखरेख मात्र सेवेहून वेगळ्या हाती असावी.

ग्राहकांनीही आपले हक्क जाणून घेतले पाहिजेत. एटीएममधून पैसे न निघता खात्यातून वजा झाले तर पाच दिवसांत, आणि यूपीआयने पाठविलेले पैसे पलीकडच्या खात्यात न पोचल्यास दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत झाले पाहिजेत. विलंब झाल्यास रोजचे शंभर रुपये ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने द्यावेत, असा दंडक रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये घातला. त्यात ‘चूक आमच्या सेवादाराची आहे’ या सबबीला स्थान नव्हते. आणि आजवर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे दार ज्यांच्या ग्राहकांना बंद होते, त्या राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या आहेत. हा मोठाच बदल आहे. लाखांदूर वा पवनीच्या शेतकऱ्याला तो कळविण्याचे काम शाखेच्या फलकापासून गावच्या शिक्षकापर्यंत सर्वांनी केले पाहिजे, कारण जो हक्क ठाऊकच नाही तो असून नसल्यासारखाच.

तथापि खातेदार हा सहकारी बँकेचा केवळ ग्राहक नाही. त्याच्या सेवा सहकारी संस्थेमार्फत तो तिचा मालकही आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांश, नोकरभरती आणि संचालकांचा भत्ता यांवर तासन्‌तास वादंग होतात. यंत्रणेविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. यापुढे प्रत्येक संस्थेच्या प्रतिनिधीने चार साधे प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षात आपली देयकव्यवस्था एकूण किती तास बंद होती? किती व्यवहार अर्धवट राहिले आणि किती ग्राहकांना भरपाई दिली? रोजचा मेळ कोण घालतो, आणि न जुळलेली रक्कम आज किती आहे? सेवादाराने उद्या दार लावले, तर आपण किती दिवसांत उभे राहू? या प्रश्नांना संगणकाचे शिक्षण लागत नाही. ज्या संचालक मंडळाला त्यांची उत्तरे छापील अहवालात देता येतील, ती बँक आपल्या पायावर उभी आहे असे समजावे. ज्यांना देता येणार नाहीत, त्यांनी यंत्रे भाड्याने घेतली आहेत आणि बँकही.

सहकारी चळवळीचा जन्म सावकाराच्या चोपडीत काय लिहिले आहे हे कुळाला कळत नसे, या अन्यायातून झाला. शंभराहून अधिक वर्षांच्या प्रयत्नांनी ती चोपडी शेतकऱ्याच्या स्वतःच्या बँकेत आली. ती आज पुन्हा एकदा, न दिसणाऱ्या अक्षरांत, दूरच्या शहरातील बंद खोलीत गेली आहे. ती तेथे ठेवण्यास आमची हरकत नाही. पण तिच्यात काय लिहिले जाते हे रोज सायंकाळी वाचून पाहणारे डोळे भंडाऱ्याच्या बँकेत भंडाऱ्याचेच असले पाहिजेत. तेवढे झाले, तर बाहेरची कितीही मदत घेतल्याने बँकेचे काही बिघडणार नाही. तेवढे राहिले, तर पुढचा ३१ जुलै येईल तेव्हा दोष द्यावयास एखादी कंपनी सापडेल. धानाचे पैसे मात्र सापडतीलच असे नाही.